साडेसहाची गोळी

सोमवार, ३ फेब्रुवारी
सकाळी सव्वानऊ

बारके,

तुझ्याकडे इथून एक फॉर्म येईल. पिवळा कागद आहे, खाली तुझ्या सहीसाठी जागा. त्यावर सही करू नकोस.

बाकी क्षेमकुशल नंतर. आठ महिने आपण एकमेकींशी बोललो नाही, आणखी चार ओळी उशिराने बोललो तर काही बिघडत नाही. माझ्याकडे वेळ कमी आहे. आठची गोळी पावणेनऊच्या सुमारास चढते आणि अकरा वाजले की उतरायला लागते. केस विंचरायचे, नखं कापायची, तुझ्याशी भांडायचं, सगळं त्या दोन तासांत उरकावं लागतं.

फॉर्म मला या वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर हलवण्याचा आहे. खालचा मजला आमच्यासारख्या चालत्याफिरत्यांचा. वरच्या मजल्यावर खाटांना दोन्ही बाजूंनी कठडे आहेत, जेवण चमच्याने भरवतात आणि लिफ्टची किल्ली पहारेकऱ्याकडे असते. मी आल्यापासून चौघं वर गेली. त्यांतलं कुणी परत खाली आलेलं मी पाहिलेलं नाही.

अठ्ठावीस तारखेला बैठक आहे. मॅनेजरबाई, इन्चार्ज सिस्टर, डॉक्टर आणि नातेवाईक म्हणून तू. म्हणजे जिच्याबद्दल बैठक, तिला सोडून सगळे.

मला वर का पाठवतायत, तेही सांगते. रोज सकाळी साडेसातला इन्चार्ज सिस्टर तपासणीचा कागद घेऊन येतात. तीन गोष्टी करायला सांगतात: उठून बसा, गाउनचं बटण लावा, पेला उचला. तू नर्स आहेस, तूच हिशोब कर. इथे शेवटची गोळी रात्री आठला मिळते. सकाळी साडेसातला तिला साडेअकरा तास झालेले असतात. त्या वेळी मला कूससुद्धा बदलता येत नाही, बटण कुठलं लावतेय! रोज तीन शून्यं पडतात. दीड महिन्याची शून्यं जमली आणि त्यांचा पिवळा कागद झाला.

तुझ्या घरी होते तेव्हा पहिली गोळी साडेसहाला मिळायची. वेळेत तू एक दिवस चुकली नाहीस, हे मी नाकारत नाही.

त्या कपाचं म्हणशील, तर कंपवाताच्या माणसाचा हात थरथरतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तो विषय नको.

इथे माझं उत्तम चाललंय. फक्त सही करू नकोस.

तुझी ताई


शनिवार, ८ फेब्रुवारी
सकाळी साडेनऊ

बारके,

उत्तर नाही, म्हणजे फॉर्म पोचलेला दिसतो.

मी इन्चार्ज सिस्टरांकडे जाऊन सरळ विचारलं. बाई वाईट नाहीत. बेचाळीस माणसं आणि हाताखाली दोघीजणी. दिवसभर चपला वाजवत पळत असतात. मी म्हटलं, "मला पहिली गोळी साडेसहाला द्या. पुढच्या दहा, दीड, पाच आणि साडेआठला. जुन्या डॉक्टरांच्या कागदावर याच वेळा आहेत."

"आजी, औषधांची गाडी आठ, बारा, चार आणि आठला फिरते."

"आजी म्हणू नका. मी तुमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनीच मोठी असेन."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "ताई, किल्ली माझ्याकडे असते आणि मी येते साडेसातला. साडेसहाला कपाट कोण उघडणार?"

"गोळ्या माझ्याजवळ द्या. मी घेईन."

यावर मात्र त्यांचा चेहरा बंद झाला. "ते शक्य नाही," म्हणाल्या आणि गेल्या.

तेव्हा मी कामाला लागले. एकतीस वर्षं डेपोच्या खिडकीत बसून कुठली गाडी किती मिनिटं उशिरा आली हे लिहून काढलेली बाई आहे मी. ड्रायव्हर शपथा घ्यायचे, "बाई, दोनच मिनिटं उशीर," आणि मी वही फिरवून त्यांच्यापुढे ठेवायचे. आता तशीच वही स्वतःची सुरू केली आहे. दर अर्ध्या तासाला नोंद: उठता येतं का, बटण लागतं का, पेला उचलता येतो का. माझा हात चालत नसतो तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या टायपिस्टबाई लिहितात. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण अक्षर छापल्यासारखं. मी "नाही" म्हटलं की त्या मोठ्यांदा "नाही!" म्हणतात आणि मग लिहितात. सगळ्या खोलीला माझी प्रकृती तोंडपाठ झाली आहे.

नाश्त्याची गंमत ऐक. गोळी आठला आणि ताट आठ दहाला. त्या वेळी माझे हात मांडीवर दगडासारखे पडलेले. सकाळच्या मावशी येऊन भरवतात, चांगल्या मायेने भरवतात. पावणेनऊला हात सुटतात तेव्हा ताटं धुऊन पालथी पडलेली असतात. मग कागदावर लिहिलं जातं, 'भरवावे लागते.' खोटं नाही. पण खरंही नाही.

ताई


गुरुवार, १३ फेब्रुवारी
सकाळी दहा वीस

बारके,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी! "फॉर्म पोचला. तिथल्या सिस्टरांनी विचार करूनच पाठवला असेल. वॉर्डात चाळीस माणसं असली की प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालवता येत नाही. प्रकृतीला जप."

वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. चौतीस वर्षं वॉर्ड चालवलास, म्हणून जगातला प्रत्येक माणूस तुझा चौदा नंबरचा पेशंट आहे का? मला घड्याळ वेगळं नकोच आहे. माझ्या आजाराला लागतं तेवढंच द्या, एवढंच म्हणणं आहे. चष्म्याचा नंबर तुम्ही सगळ्यांना एकच देता का?

तू घरातसुद्धा हेच केलंस. मी बटण लावायला घेतलं की तुझी बोटं आलीच. मला सात मिनिटं लागायची, तुला सात सेकंद. मी एक वाक्य सुरू करायचे आणि तू ते संपवायचीस, तेही चुकीचं. शेजारीण विचारायची, "ताईंना चहा हवा का?" आणि विचारायची तुला! मी तिथेच बसलेली.

आणि तो कप. हात थरथरला, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस

थांबते जरा.

इन्चार्ज सिस्टरांनी गोळ्या हातात द्यायला नकार का दिला, ते काल मावशींनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी इथे एक सुतार होते. गोळ्या स्वतःजवळ ठेवायचे. एकदा विसरून दुप्पट घेतल्या, पडले, खुबा मोडला. चौकशी झाली आणि सगळं इन्चार्ज सिस्टरांच्या अंगावर आलं. तेव्हापासून किल्ली त्यांच्या कमरेला. हे कळल्यावर त्यांच्यावरचा माझा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा मला लागणार आहे, तो राखून ठेवलाय.

गुडघ्याला थोडं खरचटलं आहे. विशेष काही नाही.

अक्षर बारीक व्हायला लागलं बघ. पुढची ओळ तुला भिंग घेऊन वाचावी लागेल. आज गोळी लवकरच उतर


मंगळवार, १८ फेब्रुवारी
सकाळी दहा

बारके,

मागचं पत्र अर्धंच पाकिटात घालून टायपिस्टबाईंनी टाकलं. मी नको म्हणत होते, पण उतरल्यावर माझा आवाजही पुटपुटल्यासारखा येतो, आणि मी नेमकी त्यांच्या डाव्या बाजूला होते.

आज खरं खरं लिहायचं ठरवून बसले आहे. आधी गुडघा. खरचटलं नव्हतं, मी पडले. सिस्टर यायच्या आधी उठून, तोंड धुऊन, खुर्चीत ऐटीत बसून दाखवायचं असं मनात आलं. गोळीशिवाय. अर्धा तास धडपडून कशीबशी खाटेवरून उतरले, खाटेची कड धरून, भिंत धरून न्हाणीघरापर्यंत गेले आणि उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटले. दारांशी माझं असं होतं, तुला माहीत आहे. वरचं अंग पुढे जातं आणि पाय मागे राहतात. मावशींनी उचललं. त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "हाक का नाही मारलीत?" मी म्हटलं, "हाक मारली असती तर तुम्ही उचलून नेलं असतं." त्या म्हणाल्या, "मग काय करायला हवं होतं मी?" हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं.

आता उत्तर आहे. मंगळवारी व्यायाम शिकवायला बाई येतात, त्यांनी आज दाखवलं. पाय चिकटला की ओढायचं नाही, ढकलायचं नाही. माझ्या पायापुढे जमिनीवर काहीतरी आडवं ठेवायचं: काठी, रूळ, नाहीतर दुसऱ्याचं पाऊल. ओलांडायला काही दिसलं की माझा पाय उचलतो. का उचलतो, ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. पण उचलतो, मी पाच वेळा करून पाहिलं.

आता कप.

हात थरथरला नव्हता, बारके. मी फेकला.

त्या दिवशी माझी गोळी पूर्ण चढलेली होती. हात माझ्या ताब्यात होता. मी गरम चहाचा कप उचलणार, तेवढ्यात तू तो काढून घेतलास, बशीत ओतलास, फुंकर मारलीस आणि बशी माझ्या ओठांना लावलीस. वर म्हणालीस, "शहाणी मुलगी." मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तुला पाटी-पेन्सिल धरायला मी शिकवलं. माझ्या डोक्यात काय झालं कोण जाणे, मी उरलेला कप उचलून फेकला. भिंतीवर फेकायचा होता, हे खरं आहे. तुझ्या मनगटावर पडला, हेही खरं आहे. तू किंचाळली नाहीस. नळाखाली हात धरून उभी राहिलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. तेव्हा मी म्हटलं, "हात थरथरला." आजारावर ढकललं. आजार काय, कशालाही नाही म्हणत नाही. आणि दुसऱ्या दिवशी मीच इथे फोन करून खोली मागितली. लोकांना वाटतं, तू मला इथे टाकलंस. मीही कुणाला ते खोडून सांगितलं नाही.

माफ कर. याच्या बदल्यात फॉर्मबद्दल मेहेरबानी नको. ते दोन वेगळे हिशोब आहेत.

ताई


बुधवार, २६ फेब्रुवारी
सकाळी साडेनऊ

बारके,

तुझं उत्तर नाही. असू दे. बातमी देते.

अठरा दिवसांची वही इन्चार्ज सिस्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि वही खणात ठेवली. सोमवारी मात्र साडेनऊला अचानक खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. हातात तोच तपासणीचा कागद. "उठून बसा." बसले. "बटण." चार मिनिटं लागली, पण लावलं. "पेला." उचलला, प्यायले, खाली ठेवला. टायपिस्टबाईंनी टाळ्या वाजवल्या.

सिस्टरांनी कागदावरच्या आधीच्या शून्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ताई, हे तुमचं खरं, की सकाळचं खरं?"

"दोन्ही खरी. तुम्ही एकच लिहिता."

त्यांनी काही लिहिलं नाही. पण जाताना म्हणाल्या, "शुक्रवारची बैठक तीन वाजता आहे. रहिवाशांना बोलवायची पद्धत नाही. पण येऊ नये असंही कुठे लिहिलेलं नाही."

तीन वाजता! बाराची गोळी तीनला साफ उतरलेली असते आणि पुढची चारला. दिवसातली माझी सगळ्यात वाईट वेळ. मी मॅनेजरबाईंना एक वाजताची विनंती केली, तर त्यांना त्या वेळी दुसरं काम. तरी मी जाणार आहे. चांगल्या वेळेची वाट बघत बसले, तर तोवर मी वरच्या मजल्यावर असेन. जशी असेन तशी जाणार.

तू येणार की नाही, ते तुझं तू ठरव. आलीस तर एकच सांगणं आहे: माझ्या वतीने बोलू नकोस.

ताई


रविवार, २ मार्च
सकाळी पावणेआठ

बारके,

शुक्रवारी तू समोरच होतीस, तरी लिहिते आहे. तू खोलीच्या आतून बघत होतीस आणि मी दारातून. दोन्हीकडून सारखं दिसत नाही.

मावशींनी मला हाताला धरून ऑफिसपर्यंत आणलं आणि मीच त्यांना म्हटलं, "आता सोडा, आत माझी मी जाईन." फुशारकी. दाराच्या चौकटीत उजवा पाय चिकटला, मग डावाही. टेबलाभोवती तुम्ही चौघं. मॅनेजरबाई घड्याळाकडे बघतायत, डॉक्टर पेनाचं टोपण काढून बसलेत, इन्चार्ज सिस्टरांनी मान खाली घातलेली. त्यांना माहीत होतं, हे जर मॅनेजरबाईंनी पाहिलं तर वहीचं एक पानही कुणी उघडणार नाही. आणि तू. आठ महिन्यांनी दिसलीस. केस पांढरे सोडलेस, बरं केलंस.

तू उठलीस. दोन्ही हात पुढे करून, माझ्या बगलेत घालायला, थेट वॉर्डातल्यासारखी. मी मनात म्हटलं, झालं. आता ही मला उचलून खुर्चीत ठेवणार आणि पिवळ्या कागदाला आणखी पुरावा लागणार नाही. तू माझ्यापर्यंत आलीस, आणि थांबलीस. हात तसेच हवेत. मग ते मागे घेतलेस आणि अगदी हळू म्हणालीस, "ताई, काय करू?"

उभ्या जन्मात तू मला हे विचारलं नव्हतंस.

मी म्हटलं, "पाऊल. माझ्यापुढे आडवं."

पत्र वाचलं होतंस तू, म्हणून लगेच कळलं. चप्पल काढून तुझं पाऊल माझ्या पावलापुढे आडवं ठेवलंस. मी तुला ओलांडून आत आले. पुढे सहा पावलं खुर्चीपर्यंत, लुटुलुटु, पण माझी. तू माझ्यामागून आलीस आणि हात पाठीशी बांधून ठेवलेस, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

मॅनेजरबाई म्हणाल्या, बेचाळीस जणांच्या बेचाळीस वेळा कोण सांभाळणार? मी वही पुढे सरकवली. माझा आवाज इतका बारीक येत होता की सगळ्यांना वाकावं लागलं. बरंच झालं, वाकल्यावर माणसं ऐकतात. "बेचाळीस नाही," मी म्हटलं, "आधी माझी एकटीची एक महिना करून बघा. नाही जमलं तर मी स्वतः लिफ्टमध्ये जाऊन बसते." डॉक्टरांनी पानं चाळली आणि म्हणाले, वेळा बरोबर आहेत, चुकतोय तो आपला फेरा.

मग मॅनेजरबाईंनी तुला विचारलं, एक अनुभवी नर्स म्हणून. तू म्हणालीस, "माझ्या वॉर्डात चौतीस वर्षं मी आठ, बारा, चारच केलं. कुणी वही आणून दाखवली नाही. दाखवली असती तर मी ऐकलं असतं की नाही, ते आज सांगता येत नाही." आणि माझं पेन मागून घेऊन तू पिवळ्या फॉर्मवर, 'नातेवाइकाचे मत' लिहिलेल्या चौकोनात, लिहिलंस: "तिला विचारावे." खाली ड्यूटीवर करायचीस तशी लांब सही.

तू लगेच निघालीस, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. एक महिन्याची परवानगी मिळाली. खाटेजवळच्या खणाला कुलूप बसवलं आहे. एका वेळी एकाच दिवसाच्या गोळ्या, पाच कप्प्यांच्या डबीत. रोज रात्री इन्चार्ज सिस्टर स्वतः मोजून भरतात. सुतारांसारखं होऊ नये म्हणून ही युक्ती त्यांनीच काढली. मी गोळी घेतली की मावशी सही करतात. सगळंच मिळालं नाही. अंघोळ अजून पहाटे सहालाच आहे, त्या वेळी मी लाकडासारखी असते. त्याच्यासाठी दुसरी वही सुरू केली आहे.

काल साडेसहाला पहिली गोळी घेतली. सव्वासातला अंगठे हलले. मी वाट पाहिली. घाई केली नाही. साडेसातला सिस्टर आल्या तेव्हा मी खाटेच्या कडेला बसले होते. बटण लागलं. पेला उचलताना निम्मं पाणी गाउनवर सांडलं, पण उचलला. त्यांनी लिहिलं आणि म्हणाल्या, "उद्या परत बघू." म्हटलं, "रोज बघा." नाश्ता माझा मी खाल्ला. चाळीस मिनिटं लागली. मावशी ताट न्यायला तीनदा येऊन परत गेल्या. आजही बटण लागलं, म्हणून तर या वेळी लिहिते आहे. मागच्या महिन्यात या घटकेला मला कूस बदलता येत नव्हती.

परत ये, असं तू जाताना दाराशी म्हणालीस. आत्ता नाही. हा महिना मला इथे पुरा करायचा आहे. शिवाय टायपिस्टबाईंनी विचारलंय, त्यांच्या डाव्या बाजूने कुणी बोलू नये याची वही कशी लिहायची. सोडून कशी येऊ?

पण त्या बैठकीतलं तुझं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. वॉर्डातल्या माणसांना तू विचारलं नाहीस, खरंच. आणि तुला? कुणी विचारलं? मी तरी? चौतीस वर्षं पहाटे उठून ड्यूटीला पळालीस. ती सुटली, तर माझी गोळी साडेसहाला. मी बशीवरून भांडले, पण तुला सकाळी झोप पुरते का, हे मी एकदाही विचारलं नाही. तुला आता किती वाजता उठायला आवडतं, दुपारी माणसं आलेली चालतात की एकटीलाच बरं वाटतं, मला खरोखर माहीत नाही. तुझी मोठी बहीण आहे मी आणि मला माहीत नाही.

येत्या गुरुवारी मी तुझ्याकडे येणार आहे, तासाभरासाठी. गाडी ठरवली आहे, मावशी बरोबर असतील. मॅनेजरबाईंना मी कळवलंय, परवानगी मागितलेली नाही.

तुला मात्र विचारते. किती वाजता आलेलं तुला बरं पडेल?

ताई